मनसर–रामटेकची वाकाटक मंदिरं पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामटेकला आपण नागपूरकर लहानपणापासून जातो, गडावर दर्शन घेतो, खिंडसीला बोटिंग करतो आणि संध्याकाळी घरी. पण त्याच रस्त्यावर दीड हजार वर्षांपूर्वीच्या मंदिरांचे अवशेष आहेत आणि तिथे थांबणारे फार कमी, हे पाहून खरंच वाईट वाटतं. जाण्याआधी लोक जे जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नेमकं पाहायचं काय आहे?

दोन टेकड्या. एक मनसरची हिडिंबा टेकडी, तिथे उत्खननात निघालेलं विटांचं शिवमंदिर आहे. दुसरी रामटेकची टेकडी, तिच्यावर केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम अशी विष्णूच्या अवतारांची दगडी मंदिरं आहेत, काही शाबूत तर काही नुसते खांब उरलेली. हे सगळं विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांच्या काळातलं, म्हणजे साधारण इसवी सनाच्या ५ व्या शतकातलं. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधीव मंदिरांमध्ये रामटेकच्या या मंदिरांची गणती होते. लेणी वेगळी, ती डोंगरात कोरलेली असतात, इथे दगडावर दगड रचून केलेलं काम आहे.

मग गडावरचं राम मंदिर पण वाकाटकांचंच का?

नाही, आज आपण जे पाहतो ते बरंच नंतरचं. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, म्हणजे १३ व्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि त्यात या डोंगराला सिंदूरगिरी म्हटलंय. इथला दगड फुटला की आतून लालसर निघतो, तो पाहिला की हे नाव लगेच पटतं. नंतर नागपूरकर भोसल्यांनी गडावर बरंच काम केलं. पण ही जागा पवित्र मानली जाते ती त्याही खूप आधीपासून, आणि वाकाटकांची मंदिरं हा त्याचा पुरावा.

नागपूरहून जायचं कसं?

स्वतःची गाडी असेल तर उत्तम. कामठी, कन्हान करत जबलपूर हायवेने निघा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर मनसर येतं आणि तिथूनच रामटेकचा फाटा फुटतो, पुढे रामटेक सहा-सात किलोमीटर. गणेशपेठच्या बस स्टँडवरून रामटेकच्या एसटी मिळतात, इतवारीहून रामटेकची ट्रेन पण आहे, फक्त तिच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या. बसने गेलात तर आधी मनसरला उतरा, ते पाहून मग ऑटोने रामटेक गाठा. उलटं केलं की परतीच्या वेळी अंधार होतो आणि मनसर राहूनच जातं, बहुतेकांचं असंच होतं.

पहिले मनसर की पहिले रामटेक?

पहिले मनसर, आणि सकाळी. कारण उन्हाचं तर आहेच, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी विष्णुभक्त, तिची श्रद्धा रामगिरीवर, म्हणजे रामटेकवर. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन शिवभक्त, त्याने आपल्या देवाचं मंदिर मनसरला बांधलं. हिडिंबा टेकडीच्या माथ्यावर उभं राहून हवा स्वच्छ असताना पाहिलं तर समोर रामटेकचा गड दिसतो. मुलाच्या मंदिरावरून आईचा डोंगर दिसतो, आणि तो तसा एकदा पाहिला की मग रामटेकला गेल्यावर तिथली प्रत्येक गोष्ट वेगळी वाटते. या दोन जागा वेगवेगळ्या ट्रिपमध्ये पाहू नका, एकाच दिवसात पाहा, एवढा आग्रह मी प्रत्येकाला करते.

ही प्रभावतीगुप्ता कोण?

गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, ज्याला विक्रमादित्य म्हणतात, त्याची मुलगी. लग्न वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाशी झालं, तो लवकर गेला, मुलं लहान, मग तिनेच राज्य चालवलं. पाटलीपुत्रची मुलगी विदर्भात येऊन नंदिवर्धनहून, म्हणजे आपल्या नगरधनहून कारभार पाहते, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलेली असते, आणि खरं तर ती अख्खा धडा होण्याच्या लायकीची आहे. तिचे ताम्रपट सापडलेत, एक पुण्यात मिळाला म्हणून पुणे ताम्रपट म्हणतात पण तो काढलेला नंदिवर्धनहून, आणि दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. पुणे ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती सासरची नाही, तर माहेरच्या गुप्तांची, गोत्र पण माहेरचंच दिलंय. रिद्धपूरचा ताम्रपट तर थेट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे. म्हणजे रामटेकशी तिचं नातं ही ऐकीव गोष्ट नाही, तांब्यावर कोरलेली आहे.

मनसरला नुसत्या विटाच दिसतात म्हणे, त्यात पाहायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो योग्यच आहे, कारण माहिती न घेता गेलं तर खरंच विटांचा ढीग वाटतो आणि माणूस दहा मिनिटांत खाली उतरतो.

पहिली गोष्ट, वर पाहू नका, खाली पाहा. मंदिराचा वरचा भाग गेला, शिखर वगैरे काही उरलेलं नाही, उरलंय ते अधिष्ठान, म्हणजे मंदिर ज्या जोत्यावर उभं होतं तो भाग, आणि इथे तोच खरा बघण्यासारखा आहे. टेकडीलाच टप्प्याटप्प्याने विटांनी मढवून मंदिर वर चढवत नेलंय. त्या जोत्याच्या भिंतीजवळ जा, हात न लावता अगदी एक-दोन फुटांवर उभे राहा. विटा आजच्या आपल्या विटेपेक्षा बऱ्याच मोठ्या आणि चपट्या आहेत. काही विटांच्या कडा गोल केल्यात, काही तिरप्या, काहींना खाच, आणि अशा वेगवेगळ्या विटा एकावर एक ठेवून भिंतीतून बाहेर आलेले छोटे अर्धे खांब तयार केलेत. दगडात हे कोरता येतं, विटेत मात्र प्रत्येक वीट तिच्या जागेप्रमाणे आधीच घडवून ठेवावी लागते. सकाळचं ऊन तिरपं पडलं की या खांबांच्या सावल्या पडतात आणि अख्खी भिंत जिवंत होते, दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. म्हणून सकाळ.

दुसरी गोष्ट, मुख्य मंदिराच्या आजूबाजूला छोट्या छोट्या देवळांची जोती आहेत, ती शोधा. मुलांना सोबत नेलं तर त्यांना हेच काम द्या, कोणत्या जोत्याचा आकार चौकोनी, कोणाचे कोपरे जास्त, ते मोजायला सांगा, मोठ्यांपेक्षा त्यांना पटकन दिसतं.

तिसरी, माथ्यावर गेल्यावर चारही बाजूंनी एक नजर टाका. तलाव, शेतं, समोर रामटेक. ही जागा राजाने का निवडली ते वेगळं सांगावं लागत नाही.

हिडिंबा म्हणजे भीमाची हिडिंबाच का?

गावात तशीच कथा सांगतात, आणि आपल्याकडे मोठं, जुनं, न कळणारं काही दिसलं की ते पांडवांच्या नावावर जातंच. उत्खननात मात्र प्रवरेश्वराच्या नावाचे मातीचे ठसे मिळाले, म्हणजे प्रवरसेनाने स्थापलेला शिव. वाकाटक ताम्रपटांत प्रवरेश्वराच्या देवळाचा उल्लेख आधीपासून माहीत होता, ते देऊळ कुठे हे माहीत नव्हतं. तरी कथा पण ऐकून घ्या, टेकडी इतकी वर्षं लोकांच्या लक्षात राहिली ती त्या कथेमुळेच.

उत्खनन कधी झालं, कोणी केलं?

१९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं चाललं, जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली, बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने. टेकडीसोबतच जवळ राजवाड्यासारख्या मोठ्या वास्तूचे अवशेष पण निघाले, तेही पाहता येतात.

तिथे आधी बौद्ध स्तूप होता असं ऐकलं, खरं काय?

उत्खनन करणाऱ्यांनी खालच्या, जास्त जुन्या थरात स्तूपाचे अवशेष असल्याचं मांडलंय, आणि बौद्ध आचार्य नागार्जुनाचं नाव या परिसराशी परंपरेने जोडलेलं आहेच. वरच्या वाकाटक थरात शिवमंदिर होतं, ते ठसे आणि मूर्तींवरून कळतं. खालच्या थरांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एकाच टेकडीवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी श्रद्धेने काही बांधलं असेल तर त्यात भांडण्यासारखं काही नाही, विदर्भाचा इतिहास असाच थरांचा आहे. तिथे उभं राहून वाद घालणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, की आवाज कमी करा आणि पाहा.

प्रवरपूर म्हणजे मनसर की पवनार?

इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी प्रवरसेनाची ही नवी राजधानी वर्धा जिल्ह्यातलं पवनार मानली होती. मनसरच्या उत्खननानंतर बऱ्याच अभ्यासकांनी मनसरच्या बाजूने कौल दिला. मिराशींचं काम एवढं मोठं आहे, की त्यांच्याशी सहमत नसलेल्यांना पण सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

मनसरच्या मूर्ती कुठे आहेत? जागेवर तर दिसत नाहीत.

सगळ्यात प्रसिद्ध मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मनसरचा शिव. ठेंगणा, गुबगुबीत, जटांचा मोठा भार, आणि चेहऱ्यावर असं हसू की पाहणारा थांबतोच. दिल्लीला गेलात तर तिच्यासाठी वेळ काढा, आपल्या नागपूर जिल्ह्याची आहे ती. नागपुरात सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचा, तिथलं शिल्पांचं दालन मनसरच्या आधी पाहून ठेवलं तर डोळे तयार होतात. सुट्टीचा दिवस कोणता ते विचारून जा.

रामटेकला नरसिंहाची मंदिरं सापडत नाहीत, कुठे आहेत?

गडावर गाडी घेऊन जाणारे सरळ वरच्या पार्किंगला जातात म्हणून चुकतात. ही मंदिरं डोंगरावरच आहेत पण गडाच्या मुख्य दरवाज्याच्या अलीकडे. केवल नरसिंह म्हणून विचारा, तिथल्या दुकानदारांना माहीत असतं. बाहेरून अगदी साधी आहेत, चौकोनी, बुटकी, शिखर नाही, त्यामुळे एखाद्याला जुनी खोली वाटून तो पुढे निघून जाईल.

आत मूर्ती मात्र भव्य. आपल्याला नरसिंह म्हटलं की मांडीवर हिरण्यकशिपू, बाहेर काढलेली आतडी असं चित्र डोळ्यासमोर येतं. इथे तसं काही नाही. नरसिंह एकटा बसलाय, एक गुडघा वर, हातात चक्र, आणि सगळं शरीर दगडाच्या एका मोठ्या गोळ्यातून नुकतंच वर आल्यासारखं जड, भरलेलं. राग पण नाही आणि घाईही नाही. उग्र देव असा शांत बसवायचं धाडस ज्या कारागिराने केलं त्याला खरंच नमस्कार करावासा वाटतो.

तिथे शिलालेख आहे म्हणतात, तो दिसतो का?

केवल नरसिंह मंदिराच्या मंडपाच्या भिंतीत आहे. कित्येक वर्षं चुन्याच्या थरांखाली झाकलेला होता, १९८० च्या दशकात तो उजेडात आला. बराच तुटलाय, पण जेवढा वाचता येतो त्यावरून हे मंदिर प्रभावतीगुप्ताच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने बांधलं असावं असं अभ्यासक मानतात. पाहायची पद्धत सांगते: समोरून टॉर्च मारू नका, अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका, मग अक्षरं वर येतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटासा चौकोन दिसेल, पेटीसारखा. ब्राह्मी लिपीची ही धाटणी म्हणजे वाकाटकांची ओळख, त्यांच्या ताम्रपटांवर पण हीच. दगडावर बोट फिरवून वाचायचा मोह होतो, तेवढं टाळा, आणि खडू-बिडू लावून अक्षरं ठळक करणं तर अजिबात नको.

वराह आणि त्रिविक्रम?

वराह म्हणजे पूर्ण डुकराच्या रूपातला, चार पायांवर उभा, एका दगडाचा, खांबांच्या उघड्या मंडपात. गडाचा वराह दरवाजा म्हणतात तो त्याच्याजवळच. त्रिविक्रमाचं मंदिर बरंच पडलंय, खांब आणि मोडलेली मूर्ती उरली आहे, थोडं विचारत जावं लागतं. वेळ कमी असेल तर वराह चुकवू नका, त्रिविक्रम पुढच्या वेळी.

कालिदास खरंच इथे होता का?

मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात यक्ष रामगिरीच्या आश्रमात राहतो असं आहे, आणि मिराशींनी हा रामगिरी म्हणजे रामटेक हे मत जोरात मांडलं. दुसऱ्या जागांचे दावे पण आहेत. चंद्रगुप्ताची मुलगी इथे राणी होती, त्यामुळे कवीचा इकडे संबंध आला असणं अशक्य वाटत नाही, पण पुराव्याने सिद्ध असं म्हणता येणार नाही. दुसरा प्रवरसेन स्वतः कवी होता हे मात्र फार लोकांना माहीत नसतं. रामाने समुद्रावर सेतू बांधला त्या कथेवरचं सेतुबंध हे काव्य त्याच्या नावावर आहे, आणि ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपल्या मराठीच्या घराण्यातली भाषा! शिवभक्त राजा, आणि काव्य रामावर. हिडिंबा टेकडीवरून रामगिरी पाहताना हे आठवलं तर पाहा कसं वाटतं.

कोणत्या सीझनमध्ये जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि मनसरच्या टेकडीवर सावली नावालाच, तेव्हा उगाच हिंमत करू नका. पावसाळ्यात सगळं हिरवंगार आणि सुंदर असतं पण विटांवर शेवाळ येतं, पाय घसरतो, आणि गवतात साप-विंचू असू शकतात म्हणून बूट घालूनच. त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमीला रामटेकला प्रचंड गर्दी असते, यात्रा पाहायची असेल तर जरूर जा, मंदिरं निवांत पाहायची असतील तर ते दिवस सोडून.

आई-बाबांना, आजीला नेता येईल का?

रामटेकला हो, गाडी बरीच वरपर्यंत जाते, नंतर थोड्या पायऱ्या. मनसरला चढ आहे, फार नाही पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालूनच दिसेल तेवढं पाहू द्या. पाणी आणि टोपी किंवा डोक्याला बांधायला दुपट्टा सोबत ठेवाच, मनसरला टेकडीवर काही मिळत नाही.

तिथे पूजा होते का? चप्पल काढायची का?

नरसिंह मंदिरांत लोक दर्शनाला येतात, तिथे चप्पल बाहेर काढा आणि कोणी पूजा करत असेल तर त्यांचं होऊ द्या, मग मूर्ती पाहा. मनसरचे अवशेष उत्खननातले आहेत, तिथे नारळ फोडणं, कुंकू, तेल, दिवे हे काहीच करू नका. भक्ती मनात ठेवून पण होते आणि तेल विटेत मुरलं की निघत नाही.

फोटो, रील, ड्रोन चालतं का?

मोबाईलने फोटो काढायला साधारणपणे कोणी अडवत नाही. ट्रायपॉड किंवा मोठा कॅमेरा सेटअप असेल तर आधी पुरातत्त्व विभागाची परवानगी, आणि ड्रोन तर परवानगीशिवाय नकोच. रीलसाठी जोत्यावर चढून उड्या मारणारी पोरं दिसतात, त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. प्री-वेडिंगवाल्यांना पण. दीड हजार वर्षं टिकलेली वीट एका उडीत निखळू शकते.

आठवण म्हणून विटेचा छोटा तुकडा आणला तर?

नाही. अजिबात नाही. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या कायद्यात, २०१० च्या सुधारणेनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवा, तो तुकडा तुमच्या शोकेसमध्ये नुसता मातीचा तुकडा आहे, तिथे मात्र तो कोणत्या थरात, कोणत्या विटेशेजारी पडलाय यावरून अभ्यासकाला काहीतरी कळतं. मूर्तीचा भाग, नाणं, ठसा असं काही जमिनीवर दिसलं तर उचलू नका, जागेचा फोटो काढा आणि तिथल्या चौकीदाराला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

खायचं काय?

सकाळी नागपुरातूनच तर्री-पोहे खाऊन निघा. मनसर फाट्यावर आणि रामटेकला नाश्ता-जेवणाची साधी हॉटेलं आहेत. रामटेकचं कपुरी पान पूर्वीपासून नावाजलेलं, मिळालं तर जरूर घ्या. गडावर वानरं आहेत, हातातली प्रसादाची पिशवी ओढून नेतात, म्हणून खायचं काही उघडं धरू नका आणि त्यांना खायला पण देऊ नका.

एका दिवसात नगरधन पण होईल का?

सकाळी सातच्या आत नागपूर सोडलं तर आरामात. रामटेकहून साधारण नऊ-दहा किलोमीटर. दिसणारा किल्ला बराच नंतरच्या काळातला आहे, पण गावाच्या परिसरात २०१५ ते २०१८ दरम्यान डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला, ब्राह्मीत नाव आणि सोबत शंख. म्हणून मनसर, रामटेक, नगरधन हा क्रम ठेवा आणि खिंडसी त्या दिवशी राहू द्या.

हे आवडलं तर पुढे कुठे जावं?

कुही तालुक्यातलं मांढळ, तिथे नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात वाकाटक काळातल्या अप्रतिम शैव मूर्ती मिळाल्या. अजिंठा पाहिलं असेल तर आता पुन्हा पाहा, कारण तिथली बरीच मोठी लेणी वाकाटकांच्याच दुसऱ्या, वाशीमच्या शाखेच्या काळातली आहेत. आणि एक दिवस गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यासाठी ठेवा, वैनगंगेच्या काठावर. ती मंदिरं वाकाटकांच्या कितीतरी शतकं नंतरची, भिंती शिल्पांनी गच्च भरलेल्या, रामटेकच्या साध्या भिंती पाहून गेलात तर फरक लगेच जाणवेल. लांबचा प्रवास आहे, पहाटेच निघा, नाहीतर चंद्रपूरला मुक्काम करा.